नारळाचं विचारायचं राहून गेलं

म्हैसूरला जायचं तर दसऱ्याला जावं, असं ज्याला त्याला सांगताना मी ऐकलंय. मी गेले ती दसरा उलटून गेल्यावर. रस्त्यावरच्या दिव्यांच्या माळा उतरवून माणसं त्या हातगाड्यांवर रचत होती. राजवाडा पाहिला तो रिक्षातून, तोही मागच्या बाजूने. तेव्हा हत्ती, सिंहासन आणि चंदनी साबण यांच्यासाठी कुणी हे वाचायला घेतलं असेल तर त्यांची आधीच माफी मागते. मी पाच दिवस तिथे होते. त्यातले पहिले तीन दिवस, ज्या कामासाठी गेले ते काम बिघडवण्यात गेले.

मी मिरजेत दिवाणी वकिली करते. माझ्या आत्याला म्हैसूरला दिली होती. आम्ही शिंपी. तिथल्या अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीत आमच्या शिंप्यांची घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांचं विठ्ठलाचं देऊळ आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. आत्याची मुलगी सरोजा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. तिला त्याच गावात, त्याच आळीत दिली. नवरा-बायको दोघंही मशीनवर बसत. या घराचा एक मान होता. कार्तिकी एकादशीला देवाला नवा अंगरखा चढतो, तो शिवायची सेवा त्यांची.

अक्काचे यजमान गेले. त्यानंतर अक्कानं दिराला, नागेशरावांना, एक पत्र लिहून दिलं आणि सेवा त्यांच्याकडे गेली. पहिली कार्तिकी त्यांनी शिवली. वर्ष झाल्यावर अक्काला सेवा परत हवी होती. नागेशराव म्हणाले, कागद आहे, सेवा आता आमच्या घरची. दुसरी कार्तिकीही त्यांनीच शिवली. अक्कानं कोर्टात दावा लावला. तिसरी कार्तिकी तोंडावर आली तेव्हा तिचा फोन आला.

“नलू, कागद सगळे मराठीत हाएत. इथल्या वकीलबाईला वाचाय येत नाही. तू ये की गे.”

मी गेले, आणि सोबत माझा ज्युनिअरही नेला. हल्ली मिरजेत ज्युनिअर टिकत नाहीत, सगळे पुण्याला पळतात. म्हणून गेल्या वर्षी वकिलांसाठीचं एक एआय लॅपटॉपवर घेतलं. कागदांचे फोटो द्या, वाचून भाषांतर करतं. हकिगत द्या, टिपण काढतं, मसुदा लिहितं. रजा मागत नाही, लग्न ठरलं म्हणून पेढे देऊन निघून जात नाही. त्याला मी कौतुकाने ‘ज्युनिअर’ म्हणायचे. कौतुक जरा जास्तच झालं.

गुरुवार, अग्रहार

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी मी ऐटीत कानडी बोलले. माझं कानडी बेळगावच्या बाजारात शिकलेलं, दर वाक्याला ‘री’ लावणारं. तो आरशातून बघून हसला आणि म्हणाला, “हुब्बळ्ळी कडे ना मॅडम?” पुढचा सगळा रस्ता तो माझ्याशी इंग्रजीत बोलला. माझं तिथलं पहिलं वस्त्रहरण ते.

अक्काचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात तिची काळी मशीन, आणि यजमानांची तशीच, वर कापड झाकलेली. कॉफीचा वास थेट रस्त्यावर येत होता. तिथल्या बायका आमच्या मिरजेकडच्या बायकांसारख्याच ‘मी करतो, मी येतो’ म्हणतात. तेवढ्याने मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

“अय्यो, सुम्ने बस गे तू. प्रवासानं दमलीस. मी कॉफी आणतो.” सुम्ने म्हणजे उगी. हा शब्द ती दिवसातून शंभरदा वापरते, सर्वांत जास्त स्वतःसाठी.

जेवायला पुरणपोळी होती. आपल्याकडे पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, त्यांच्याकडे तुरीच्या. पोळी इतकी मऊ की उचलताना घडी मोडते. सोबत सारू, आपल्या आमटीची पातळ, तिखट बहीण. शेवटी नंजनगूडची केळी. अक्का वाढत होती आणि मी हो-नाही करत सगळं खात होते.

मग कामाला बसलो. तिची परवानगी घेऊन मी फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. तासभर बोलली. निम्मं मराठी, निम्मं कानडी, एकाच वाक्यात दोन्ही. यजमानांचं आजारपण, शेवटचा अंगरखा त्यांनी अंथरुणातून सांगून तिच्याकडून कसा शिववून घेतला, ते सगळं. मध्येच उठून तिने फडताळातून एक लाकडी डबी आणली. आत एक मेणवलेला दोरा होता, त्याला अंतराअंतरावर गाठी. देवाचं माप. पहिल्या गाठीपर्यंत बाही, दुसरीपर्यंत छाती, शेवटपर्यंत उंची. देवाला टेप लावायची नाही, अशी तिथली रीत.

“नागेश दोन वर्षं इथंच बसून माप घेऊन गेला,” ती म्हणाली. “दोरा घराबाहेर जात नाही, अल्वा? तेवढं त्याला कळतंय. पण नारळ अजून आणला नाही बघ. वर्ष होऊन किती दिवस झाले, नारळ नाही.”

वाक्याच्या शेवटी लागणाऱ्या ‘अल्वा’सारखाच, म्हणजे आपल्या ‘नाही का’सारखाच, नारळ हा शब्द तिच्या बोलण्यात पुनःपुन्हा येत होता. मला वाटलं, हे मानपानाचं रुसणं. आपल्याकडे नाही का, वर्षश्राद्धाला दिरानं नारळ-टॉवेल दिला नाही म्हणून दोन घरांचं येणंजाणं बंद होतं? अशा किती बायकांची रडगाणी मी कचेरीत ऐकलीत. तो नारळ बाजूला काढून दाव्यापुरतं तेवढं ठेवायचं, हेच तर वकिलाचं कसब. मी मान डोलवत राहिले आणि मनातल्या मनात नारळावर काट मारली.

पत्राची झेरॉक्स मात्र मी नीट वाचली. “आजपासून देवाच्या अंगरख्याची सेवा तुमच्या पदरी घातली. आमचा तिच्याशी काही संबंध उरला नाही. तुम्ही व तुमच्या घराने ती चालवावी.” खाली अक्काची सही, दोन साक्षीदार. अक्षर अगदी सावकाश काढलेलं. इतकं स्वच्छ हक्कसोडपत्र मिरजेत पैसे देऊनही कुणी लिहून देत नाही.

“अक्का, हे का लिहून दिलंस?”

“देवळातल्या मास्तरांनी सांगितलं तसं लिहिलो. असंच लिहितात की.”

पुढे विचारायला हवं होतं, असंच म्हणजे कसं? मी नाही विचारलं. फोटो काढले, रेकॉर्डिंग जोडलं आणि सगळं ज्युनिअरला दिलं. अक्कानं दुसऱ्यांदा कॉफी गाळेपर्यंत आठ पानांचं टिपण तयार. तिचं भेसळीचं बोलणं त्याने असं उतरवलं होतं की मला न कळलेले कानडी शब्दही कळले. पहिल्या पानावर निष्कर्ष होता. पत्र बिनशर्त आहे, साक्षीदार आहेत, दावा टिकण्याची शक्यता कमी, तडजोड श्रेयस्कर. दुसऱ्या पानावर कारणं. नेमकं माझंच मत. आपल्या मताशी सहमत होणारा माणूस आपल्याला हुशार वाटतो, यंत्राचंही तसंच असतं. बाकीची पानं मी नुसती खाली सरकवली.

इथे एक सांगायला हवं. माझे सीनियर कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचत. सही, तारीख, साक्षीदार, तळटीप, आणि मग मागे मागे येत पहिलं पान. पहिल्या पानावर लोक जे सांगायचंय ते लिहितात, जे सांगावं लागतं ते शेवटी, असं ते म्हणत. हेच मी माझ्या प्रत्येक ज्युनिअरला शिकवलं. स्वतःला तेवढं शिकवायचं राहिलं.

शुक्रवार, कुवेंपुनगर

अक्काच्या वकील चंद्रकला मॅडम कुवेंपुनगरात राहतात. नोकरदारांची वस्ती, दारोदार स्कूटर आणि कुंड्या. घराच्याच तळमजल्यावर त्यांची कचेरी. वयाने माझ्या मुलीएवढ्या. आम्ही इंग्रजीत बोललो. मी लॅपटॉप उघडून टिपण दाखवलं आणि जरा मिरवलंही. म्हैसूरच्या वकिलीणबाईंना मिरजेची प्रगती दिसावी, असा एक हलका हेतू होता.

त्यांनी पहिलं पान वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“मॅडम, नुसत्या मानाचा दावा कोर्टात टिकत नाही, सेवेच्या हक्काचा टिकतो. इथपर्यंत मी आणलंय,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या समाजात याबद्दल काही रूढी आहे का? सरोजम्मा काही तरी सांगत असतात, पण रीतीचे शब्द मराठीत येतात, ते मला कळत नाहीत. रूढी सिद्ध झाली तर पत्राचा अर्थ बदलू शकतो. एखादा साक्षीदार?”

किती नेमका प्रश्न होता! आज आठवलं की कानशिलं तापतात. मी काय म्हणाले? “पत्र स्पष्ट आहे हो. रूढी आणली तर दावा दहा वर्षं चालेल, बाई साठीच्या पुढे गेलीय.” माझं सोमवारचं परतीचं तिकीट होतं, हे नाही म्हणाले. शनिवारी लोकअदालत होती. नागेशराव तडजोडीला तयार होते. अटी अशा: अंगरख्याची सेवा कायम नागेशरावांच्या घराकडे, रखुमाईची चोळी अक्काकडे. अगदीच रिकाम्या हाती येण्यापेक्षा हे बरं, असं मी अक्काला संध्याकाळी समजावलं. ती मशीनचं चाक हाताने उगीच फिरवत बसली होती.

“तू म्हणतीस म्हणजे बरोबरच असंल,” ती म्हणाली. “तू शिकलेली.”

तडजोडीचा मसुदा ज्युनिअरने दोन मिनिटांत लिहिला. त्यात एक कलम होतं, प्रत्येक करारात असतं तसलं: सेवेसंबंधीच्या सर्व वस्तू व साधने प्रतिवादीच्या ताब्यात द्यावीत. मला ते नीटनेटकं वाटलं. पुढे भांडायला जागा नको.

शनिवार, कोर्ट

म्हैसूरचं कोर्ट आपल्याकडच्या कोर्टांपेक्षा शांत. किंवा लोकच तिथे हळू बोलतात. झाडाखाली टायपिंगवाले, नोटरीवाले, आणि एक बाई मोगऱ्याचे गजरे विकत होती. कोर्टात गजरा कोण घेतं म्हणून मी बघत राहिले, तर अक्कानंच घेतला. एक स्वतःला, एक मला. शुभकार्याला आल्यासारखी ती नवं लुगडं नेसून आली होती.

नागेशराव पहिल्यांदा तिथे दिसले. सडपातळ, कानावर पेन्सिल, बोटाला सुईचे घट्टे. मी खलनायक शोधत होते. त्यांनी वाकून अक्काच्या पायांना हात लावला. “वैनी, बरी हाएस?” अक्का म्हणाली, “हाय बाबा.” मग दोघंही जमिनीकडे बघत उभे राहिले.

पॅनेलवर एक निवृत्त न्यायाधीश होते, मृदू बोलणारे. त्यांनी अटी कानडीत वाचून दाखवल्या. वस्तू आणि साधनांचं कलम आलं तेव्हा अक्का माझ्या कानाशी आली.

“दोरा पण?”

“त्यातच येतो तो, अक्का.”

“दोरा पण देतात?”

“सेवा त्यांची म्हटल्यावर दोरा तुझ्याकडे ठेवून काय करायचं?” मी म्हणाले. माझा आवाज जरासा चढलाच. मागे रांग होती.

न्यायाधीशांनी विचारलं, “ओप्पिगेना, अम्मा?” मान्य आहे का. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती म्हणाली, “ओप्पिगे.” आणि सही केली. पत्रावरच्यासारखीच, सावकाश.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. अशिलांना मी हे त्याचा गुण म्हणून सांगत आलेय, एका सहीत सुटका. संध्याकाळी नागेशराव आले, डबी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कॉफी न घेता गेले. अक्का देवळाच्या दिशेने बघत दारात उभी राहिली. मला वाटलं, जरा वाईट वाटणारच, होईल सवय.

रविवार, बैलकुप्पे

एक दिवस हाती होता. अक्काला जरा बाहेर न्यावं म्हणून मी बैलकुप्प्याची टूम काढली. तिबेटी लोकांची वस्ती आहे तिथे, मोठमोठे मठ आहेत. इतकी वर्षं दोन-तीन तासांवर राहून अक्कानं ते पाहिलं नव्हतं. डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, पिशवीत पाण्याच्या बाटल्या, असे निघालो. बस सोडून रिक्षा केली. मक्याची शेतं सुरू झाली, त्यांच्यावर रंगीत पताका फडफडत होत्या, आणि रस्त्याने तांबडी वस्त्रं नेसलेले भिक्षू मोटारसायकलवरून जात होते. अक्का सारखं “नोडू, नोडू” करत मला दाखवत होती. डबा असूनही एका हॉटेलात आम्ही गरम शेवयांचं तिबेटी सूप घेतलं. अक्कानं “व्हेज, अल्वा?” असं तीनदा विचारून मगच चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, “आपल्या सारवात शेवया घातल्यागत.”

दुपारी एका मठाच्या अंगणात गलका ऐकू आला. पाहतो तर भिक्षूंच्या जोड्या. एक खाली बसलेला, दुसरा समोर उभा. उभा असलेला मोठ्याने काही विचारी आणि प्रश्न संपला की पाय आपटून बसलेल्याच्या तोंडापुढे ताडकन टाळी वाजवी. मला आधी भांडणच वाटलं. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क भिक्षूने हिंदीतून सांगितलं की हा वादाचा अभ्यास आहे, रोजचा.

“बसलेल्याची परीक्षा असेल ना?” मी विचारलं.

तो हसला. म्हणाला, “नाही. बसलेल्याने पाठ केलेलं असतं, तो उत्तर देतो. अवघड काम उभ्याचं. काय विचारायचं ते कुठल्याच ग्रंथात नसतं.”

मी वकील. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण नेमका त्याच वेळी अक्काचा चेहरा दिसला. पताकांकडे बघत ती शांतपणे म्हणाली, “आता नारळ नाहीच यायचा.”

चार दिवसांत पहिल्यांदा मी विचारलं. “अक्का, कसला नारळ?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी सूर्य कुठे उगवतो असं विचारलं. मग अंगणाच्या पायरीवर बसून तिने सांगितलं. घरातलं माणूस गेलं की वर्ष पाळायचं, तोवर देवाचं नवं वस्त्र त्या घरात शिवायचं नाही. सेवा भाऊबंदांकडे द्यायची. देताना पूर्ण द्यायची, अर्धी नाही. आमचा संबंध उरला नाही असंच लिहायचं, नाहीतर ती दिल्यासारखी होत नाही. वर्ष सरलं की घेणारा एक नारळ आणि हातभर कापड घेऊन त्या घरी येतो. नारळ ठेवला की सेवा परत. त्याचा कागद करत नाहीत. देवाची सेवा परत आणून देणाऱ्यानं आपण उपकार केला याचा पुरावा ठेवू नये, म्हणून. आणि दोरा कधीच हलत नाही. दोरा ज्या घरी, सेवा त्या घरची. मधलं वर्ष नुसतं पाहुणं.

“मग हे मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलो की! नारळ आला नाही, नारळ आला नाही, किती वेळ म्हणालो. सगळ्यांना ठाऊक हाय ते. तू आपलीच ना, मला वाटलं तुलाही ठाऊक हाय.”

समोर टाळ्या वाजत होत्या. देणं कागदावर, घेणं तोंडी, आणि मी आणि माझा ज्युनिअर फक्त कागद वाचत बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल अक्काचा होता.

सोमवार, देऊळ

गाडी दुपारची होती. सकाळीच मी देवळात गेले. तिथली सेवेची वही विठोबामास्तर सांभाळतात, निवृत्त शिक्षक, अस्खलित मराठी वाचणारा आळीतला शेवटचा माणूस. पत्रं तेच सांगतात, जुन्या पत्रावरून अक्षर न अक्षर. अक्कानं रांगोळी गिरवावी तसं ते गिरवलं होतं.

त्यांनी वही पुढे ठेवली. अक्काच्या सासरच्या घराची चार पत्रं, प्रत्येकाची एक प्रत, तिच्यात चिकटवलेली होती. अक्काचं, सासऱ्यांच्या वेळचं, त्याच्या आधीची दोन. चारही शब्दशः सारखी. आमचा तिच्याशी काही संबंध उरला नाही. चार वेळा.

जे एकदा कायमचं देऊन टाकलं, ते पुन्हा कसं देणार? त्यासाठी मधे ते परत यायलाच हवं. हा युक्तिवाद करायला ना एआय लागतं ना बत्तीस वर्षांची सनद. पहिल्या वर्षाच्या पोरीने केला असता. ही वही आणि मास्तर साक्षीला उभे केले असते, तर पत्राचा जोरच गेला असता.

“मास्तर, तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?”

“मला कुणी विचारलं नाही, अम्मा.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

तशीच मी नागेशरावांच्या दुकानात गेले. ते एका पोलक्याला हुक लावत होते. मी वहीचं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

“मला संशय होता की,” ते म्हणाले. “पण मला मराठी कुठं वाचाय येतं? मुलानं पत्राचा फोटो मोबाइलात घातला. मोबाइल म्हणाला, कागद पक्का हाय, कायमचा. मग वैनीनं केस घातली. मला वाटलं, कोर्टात सगळं बाहेर येईल. तुमची वकील नारळाचं बोलली तर मी हो म्हणणार होतो.”

मला बसायला स्टूल दिलं त्यांनी. मी म्हणाले, “दोघं राजी असाल तर अजूनही होईल. तुम्ही नारळ घेऊन जा. कोर्ट कुणाला नारळ द्यायला मनाई करत नाही.”

“तुम्ही शनिवारच्या आधी आला असता तर त्याच दिवशी गेलो असतो,” ते म्हणाले. “आता दोरा आमच्या घरी आला, अम्मा. वैनीनं हातानं दिला. दोरा आला म्हणजे सेवा आली. तो परत फिरवायची रीतच नाही आमच्यात. असं कधी झालंच नाही ना, रीत कुठनं असणार?”

कायद्यातली वाट मी बंद केली होती ते मला माहीत होतं. रूढीतली वाटही, त्या नीटनेटक्या कलमाने, मीच बंद केली होती, हे तेव्हा कळलं. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. ते डोळे पुसत होते.

अक्कानं स्टेशनवर पोळ्यांचा डबा दिला, मोगरा दिला. मी तिचे हात धरून म्हणाले, “अक्का, माझं चुकलं.” ती म्हणाली, “सुम्ने गे. देवाचं वस्त्र कोण शिवलं याचं काय एवढं?” आणि मग गाडी हलेपर्यंत माझ्या पदराचं निघालेलं टोक दोन बोटांत धरून दुमडत राहिली.

मिरज

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. शहाण्याने दुसऱ्याला चढवू नये, हे त्यात घालायला हवं.

आल्यावर दोन आठवडे मी लॅपटॉप उघडला नाही. सगळा राग त्याच्यावर काढला. कचेरीत येईल त्याला सांगत सुटले, यंत्रांना माणसाची रीत काय कळणार, कागदापलीकडे त्यांना दिसत नाही. ऐकणारे माना डोलवत. मला तेवढाच आधार होता.

कार्तिकीच्या सकाळी, अक्काची आठवण काही जाईना म्हणून, ते आठ पानी टिपण काढलं. या वेळी सीनियरांच्या पद्धतीने, शेवटच्या पानापासून. तिथे तळाशी एक परिच्छेद होता, सल्ला देण्यापूर्वी करावयाच्या चौकशीचा. त्यात लिहिलं होतं: “अशील आपल्या निवेदनात सहा वेळा ‘नारळ आला नाही’ असे म्हणते. या नारळाचा अर्थ कागदपत्रांवरून स्पष्ट होत नाही. तो सेवा परत येण्याशी संबंधित असू शकतो. कृपया तिला विचारावे. अशी पत्रे पूर्वी लिहिली गेली आहेत का, हेही पाहावे.”

किती तरी वेळ मी ते वाचत बसले. यंत्रांना रीत कळत नाही हे दोन आठवडे मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, ते सगळे डोळ्यांपुढे आले.

दुपारी अक्काला फोन केला. ती देवळातून नुकतीच आली होती. अंगरखा छान झालाय म्हणाली, बाही जरा बोटभर ओढतेय, पण लांबून कळत नाही. रखुमाईची चोळी सगळ्यांना आवडली. मग मी तिला शेवटच्या पानाचं सांगितलं. लपवायचा मोह झाला होता. सांगून टाकलं.

पलीकडे मशीनचं चाक हाताने फिरवल्याचा आवाज आला.

“म्हणजे त्यानं तरी ऐकलं होतं, अल्वा?” अक्का म्हणाली.

मी म्हणाले, “हो, अक्का. त्याने ऐकलं होतं.”